बैलगाडीचा भाग, दोन अक्षरे: एका शब्दकोड्याच्या निकालाचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावाहून निघणारे हे मराठी साप्ताहिक. शेवटच्या पानावर दर आठवड्याला अकरा बाय अकराचे शब्दकोडे असते आणि महिन्यातून एकदा ते बक्षिसाचे असते. अचूक उत्तरे पाठवणाऱ्यांतून चिठ्ठी काढायची, नाव निघेल त्याला पाचशे रुपयांची पुस्तके द्यायची. वाचक कोडे भरून त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. काही जुनी मंडळी अजून कात्रण पाकिटात घालून टपालाने धाडतात.

कोडे रचणारे गृहस्थ निवृत्त मराठी शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून इथेही तेच. संपादक बाई, पान लावणारा तरुण उपसंपादक आणि आलेली उत्तरे तपासून गठ्ठे करणारा कार्यालयातला एक जण, एवढीच बाकीची मंडळी. गाव, साप्ताहिक आणि माणसे ओळखू येणार नाहीत इतका तपशील बदलला आहे. शब्द मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळे रामायण त्या शब्दांचेच आहे.

पुढचा घोळ समजायचा तर मराठी कोड्याची बांधणी थोडी माहीत हवी. इंग्रजी कोड्यात एका घरात सव्वीसांपैकी एक अक्षर बसते. मराठीत एका घरात अख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट. चौतीस व्यंजने आणि बाराखडी एवढाच हिशेब केला तरी ४०८ शक्यता होतात, जोडाक्षरे वेगळीच. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द एकमेकांना छेदतात त्या घरात दोघांचे अक्षर तंतोतंत जुळणे फार अवघड असते. ‘रा’ला ‘र’ चालत नाही आणि ‘खुं’ला ‘खु’ चालत नाही. अमेरिकी वर्तमानपत्रांतल्या कोड्यांत प्रत्येक घर दोन्ही दिशांनी तपासले जाते. मराठीत तसे करायला गेले तर कोडेकार सहा महिन्यांत कोडी सोडून भजनाला लागेल. म्हणून आपल्या कोड्यांत काळी घरे जास्त असतात, दोन-तीन अक्षरी शब्द भरपूर असतात आणि फक्त एकाच शब्दात येणारी घरेही पुष्कळ असतात. अशा घराला पुढे ‘एकटे घर’ म्हणू.

अडचण

त्या महिन्याच्या बक्षिसाच्या कोड्यात १४ आडव्याचा संकेत, म्हणजे उत्तर ओळखण्यासाठी दिलेली ओळ, असा छापून आला: ‘बैलगाडीचा भाग (२)’. दोन घरे. दुसऱ्या घरातून १५ उभा सुरू होत होता: ‘माळ्यावर बसून पिकाची करतात ती (३)’. उत्तर ‘राखण’. म्हणजे १४ आडव्याचे दुसरे अक्षर ‘रा’ हे नक्की. पहिले घर एकटे होते, वर काळे आणि खाली काळे.

सरांच्या कागदावर उत्तर होते ‘आरा’. चाकाच्या मधल्या तुंब्यातून निघून लाकडी घेरापर्यंत जाणारी दांडी ती आरा. पण बहुसंख्य वाचकांनी लिहिले ‘धुरा’. गाडीची पुढची निमुळती बाजू, जिथे जू बांधतात, ती धुरा. चार-पाच जणांनी ‘घेरा’ लिहिले होते, एकाने ‘चारा’. चारा बैलाच्या पोटात जातो, गाडीचा भाग होत नाही, त्यामुळे त्यावर वाद झाला नाही.

‘धुरा’ जास्त लोकांना का सुचले, याचे उत्तर गाडीत नाही. बैलगाडी जवळून पाहिलेला वाचक आता कमीच. पण ‘पक्षाची धुरा’, ‘नेतृत्वाची धुरा’, ‘संघाची धुरा’ हे रोज कुठे ना कुठे छापून येते. शहरातल्या कॉलेजच्या मुलीलाही धुरा माहीत असते, मग ती गाडीला कुठे असते हे माहीत असो वा नसो. आरा मात्र गाडीवाल्याच्या, सुताराच्या तोंडचा शब्द. म्हणजे संकेत वाचताच जे उत्तर आधी सुचणार, तेच उत्तरपत्रिकेवर चुकीचे ठरले होते.

निकाल लावणाऱ्याने आपले काम चोख केले. उत्तरपत्रिका समोर ठेवली आणि ‘आरा’वाले एका गठ्ठ्यात, बाकीचे दुसऱ्यात टाकले. दुसरा गठ्ठा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट झाला, आणि त्यातल्या बहुतेकांचे बाकी सगळे कोडे अचूक होते. पहिल्या गठ्ठ्यातून चिठ्ठी निघाली, नाव छापले, उत्तरेही छापली. अंक बाहेर पडल्यावर दोन दिवसांत फोन सुरू झाले.

त्यातला एक फोन संपादक बाईंनी पुढे अनेकदा सांगितला. बोलणाऱ्याचे वडील गाड्या करणारे सुतार, आता तो स्वतः फर्निचरचे काम करतो. तो म्हणाला, “ताई, आरा बरोबर हाय, कोन न्हाई म्हनतंय? पन धुराच नसली तर बैल जुंपायचा कुठं? आऱ्याला?”

संकेत कसा बदलला

इथपर्यंत सगळ्यांचा रोख सरांवर होता. ‘एवढा अनुभवी माणूस आणि असा ढोबळ संकेत?’ सरांनी शांतपणे आपला मूळ मजकूर पाठवला. त्यांनी लिहिले होते: ‘चाकाच्या तुंब्यापासून घेरापर्यंत जाणारी लाकडी दांडी (२)’. एवढ्यावरून उत्तर एकच निघते.

छोटा केला तो पान लावणाऱ्याने. त्या आठवड्यात खालच्या जाहिरातीची उंची वाढली होती. आडव्या शब्दांच्या रकान्यात तीन ओळी जास्त होत होत्या आणि हा संकेत दोन ओळी खात होता. त्याने सरांना मेसेज केला: ‘सर, १४ आडवा छोटा केला तर चालेल ना? बैलगाडीचा भाग.’ सर त्या वेळी लग्नाला बाहेरगावी होते. मेसेज दुसऱ्या दिवशी पाहिला, तोवर अंक छापखान्यात गेला होता. सरांनी फक्त अंगठ्याची खूण पाठवली. आता बदलण्यासारखे काही उरले नाही, एवढाच त्यांचा त्यामागचा अर्थ होता. उपसंपादकाने ती संमती मानली.

मला हे वळण महत्त्वाचे वाटते. वरवर पाहता संकेत छोटा झाला, पण खरे पाहता त्याचा प्रकार बदलला. ‘तुंब्यापासून घेरापर्यंत’ ही व्याख्या होती. ‘बैलगाडीचा भाग’ ही यादीची पाटी झाली. त्या यादीत आरा, धुरा, जू, आस, साटा, धाव, तुंबा, खीळ असे किती तरी शब्द येतात. ‘अमक्याचा भाग’ आणि ‘अमक्याची बाजू’ या धाटणीचे संकेत नेहमी असेच असतात. ते उत्तराकडे बोट दाखवत नाहीत, नुसते घराण्याचे नाव सांगतात. त्या घराण्यातला नेमका कोण, हे छेदणाऱ्या शब्दांनी सांगायचे असते. इथे छेद एकच होता आणि तो नेमका दोघांच्या सामाईक अक्षरावर पडला होता.

उपसंपादकाला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्याजवळ पर्याय काय होता? एका ओळीत बसणारा आणि एकच उत्तर देणारा संकेत शक्य होता. ‘अशोकचक्रात २४ असतात, त्यांतला एक’ हे चालले असते. राष्ट्रध्वजावरच्या चक्रात २४ आरे आहेत हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेले असते. पण असा संकेत सुचायला कोडेकाराचे डोके लागते, आणि रात्री नऊला पान सोडायच्या घाईत असलेल्या माणसाकडून ती अपेक्षा करता येत नाही.

समोर असलेले पर्याय

सोमवारी बाई, सर, उपसंपादक आणि निकाल लावणारा असे चौघे बसले.

पहिला पर्याय, निकालावर ठाम राहायचे. ‘संपादकांचा निर्णय अंतिम’ ही ओळ कोड्याखाली दर वेळी असतेच. उपसंपादकाचा कल याकडे होता, कारण एकदा बदललेला निकाल पुढे दर महिन्याला बदलायला लावतात, असे त्याचे म्हणणे. बाईंनी एकच प्रश्न विचारला, “धुरा चूक का, हे एका वाक्यात छापता येईल का?” कुणालाच ते वाक्य सुचले नाही. पर्याय तिथेच निकालात निघाला.

दुसरा, कोशाकडे जायचे. सरांनी दाते-कर्वे मंडळींच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड आणले होते. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले हे सात खंड गावगाड्याच्या शब्दांसाठी अजून कामाला येतात. पण कोशाने प्रश्न सुटला नाही, कारण प्रश्न कोशाचा नव्हताच. दोन्ही शब्द खरे आणि दोन्हींचे गाडीशी नाते पक्के. एखादा शब्द आहे की नाही, हे कोश सांगतो. दोन बरोबर उत्तरांतले कोणते जास्त बरोबर, हे तो सांगणार नाही. त्यातून धुरा हा शब्द सगळीकडे एकच नाही. विदर्भात धुरा म्हटले की आधी शेताचा बांध डोळ्यांपुढे येतो. तिकडच्या एका वाचकाने तर पत्रात लिहिले होते की, आमच्याकडे धुरा शेताला असतो म्हणून मी मुद्दाम आरा लिहिले. तो बिचारा बक्षिसाच्या गठ्ठ्यात होता आणि त्याची काही तक्रारही नव्हती!

तिसरा पर्याय सरांचा: ते एकटे घर मोजायचेच नाही. पहिल्या घरात काहीही असो, बाकीचे बरोबर असेल तर उत्तर बरोबर. ऐकायला न्याय्य, पण मग ‘चारा’ही बरोबर ठरतो आणि घर रिकामे सोडणाराही. निकाल लावणाऱ्याने हे लक्षात आणून दिले. त्या बैठकीत तो पहिल्यांदाच बोलला, आणि बोलला ते नेमके.

चौथा, कोडे रद्द करून पुढच्या महिन्यात दोन बक्षिसे. यात ज्याचे नाव छापून आले होते त्याचे बक्षीस काढून घ्यावे लागले असते. बाईंना ते पटले नाही. त्याने काही गैर केलेले नव्हते.

पाचवा, आरा आणि धुरा अशी दोन नावे घेऊन मान्य करायची, पहिला विजेता कायम ठेवायचा आणि धुरावाल्यांतून दुसरी चिठ्ठी काढायची.

काय ठरले

पाचवा पर्याय घेतला. पण आधी ‘घेरा’चे काय, यावर अर्धा तास गेला. सरांचे मत असे की, घेरा हा आकार आहे. चाकाचा घेरा, घागऱ्याचा घेरा, झाडाच्या बुंध्याचा घेरा. सुट्टा काढून हातात धरता येईल असा तो भाग नाही. उपसंपादक म्हणाला की, सर, तुमच्याच मूळ संकेतात ‘घेरापर्यंत’ असे लिहिले आहे, म्हणजे घेर हा भाग आहेच. त्यावर सर थोडे चिडले. “घेर म्हणजे चाकाचं बाहेरचं लाकूड. घेरा म्हणजे माप,” ते म्हणाले. शेवटी ‘घेरा’ अमान्य झाले. बाईंना तो निर्णय आजही पूर्ण पटलेला नाही, पण कुठे तरी रेघ ओढावी लागते, हे त्यांनी मान्य केले.

पुढच्या अंकात चार ओळींचे निवेदन आले. संकेत अपुरा होता, ‘आरा’ आणि ‘धुरा’ दोन्ही ग्राह्य धरली आहेत, आधीचे बक्षीस कायम आहे, आणि दुसरे बक्षीस अमुक वाचकाला. संकेत कुणी लिहिला, कुणी छोटा केला, हे छापले नाही, आणि ते बरेच झाले. सरांनी त्याच अंकासाठी एक संकेत मुद्दाम धाडला, तो जसाच्या तसा छापला: ‘सुईत असते आणि राजगडावरही (२)’. उत्तर ‘नेढे’, म्हणजे आरपार भोक. सुवेळा माचीवरचे नेढे ट्रेकवाल्यांना ठाऊक, सुईचे नेढे शिवणकाम करणाऱ्यांना. भागाबद्दलचाच संकेत, पण उत्तराला दोन्ही बाजूंनी धरणारा.

शिलकीतल्या कोड्यांची झडती

निर्णयापेक्षा मला पुढचे काम जास्त मोलाचे वाटते. सरांकडे पुढच्या दोन महिन्यांची कोडी तयार होती. त्यांतले ‘भाग’ आणि ‘बाजू’वाले सगळे संकेत काढून एकेक तपासायचे ठरले. पद्धत साधी होती. संकेत आणि छेदून मिळणारी अक्षरे एवढेच कागदावर लिहायचे, बाकी घरे मोकळी, आणि तो कागद कोड्याशी संबंध नसलेल्या माणसापुढे ठेवायचा.

पहिला धक्का ‘नदीचा काठ (४)’ने दिला. उत्तर ‘पैलतीर’. छेद दुसऱ्या आणि चौथ्या घरात होते, ‘ल’ आणि ‘र’. ज्यांच्यापुढे कागद ठेवला त्यांनी ‘ऐलतीर’ लिहिले. पुढे ‘विणकामातला टाका (३)’, छेद ‘ट’वर. उत्तर ‘सुलट’, पण ‘उलट’ही तितकेच बरोबर. मग ‘या बाजूला (४)’: इथे ‘अलीकडे’ अर्थानेच ठरते, पण संकेत जरा ढिला करून ‘नदीच्या एका अंगाला’ केला असता तर ‘पलीकडे’ही बसले असते.

तिन्हींत एकच गोष्ट दिसते. आपल्याकडे दोन विरुद्ध बाजूंची नावे जोडीने घेतली जातात आणि ती पुष्कळदा यमकात असतात. उलट-सुलट, ऐलतीर-पैलतीर, अलीकडे-पलीकडे. शेपूट तेच, फक्त डोके वेगळे. म्हणजे शब्दाच्या मागच्या सगळ्या घरांना छेद दिले आणि पहिले घर एकटे ठेवले, तर तीन-तीन छेद असूनही उत्तर ठरत नाही. नुसते छेद किती हे मोजून भागत नाही, ते कुठे पडलेत हे पाहावे लागते. इंग्रजीतही हे आहे. नाण्याच्या दोन बाजूंना तिकडे ऑब्व्हर्स आणि रिव्हर्स म्हणतात. दोन्ही सात अक्षरी, आणि शेवटची पाच अक्षरे तीच. जहाजाच्या डाव्या बाजूला पोर्ट म्हणा की लेफ्ट, अक्षरे चारच, आणि शेवटचे अक्षरही एकच. पण तिथे जिथे प्रत्येक घराला छेद असतो तिथे हा प्रश्न आपोआप सुटतो. आपल्याला तो हाताने सोडवावा लागतो.

उलट ‘नाण्याची बाजू (२)’ निर्धोक निघाला. छापा आणि काटा यांत एकही अक्षर सामाईक नाही, त्यामुळे कोणत्याही एका घरात छेद असला की झाले. ‘रोजकीर्दीची बाजू (२)’ही तसाच, जमा किंवा नावे. हे दोन संकेत सरांनी मोठ्या समाधानाने परत फाइलमध्ये ठेवले.

बाजूंपेक्षा भागांचे प्रकरण जास्त गुंत्याचे. वस्तूंच्या भागांना आपण माणसाच्या अंगाची नावे देतो, आणि ती फार थोडी व फार छोटी आहेत. कपाचा कान, बाटलीचे तोंड, खुर्चीची पाठ, टेबलाचे पाय. घागरीला तर तोंड, गळा, पोट आणि बूड असा सगळा देहच आहे. शिलकीत ‘घागरीचा भाग (२)’ होता, उत्तर ‘बूड’, छेद ‘ड’वर. तपासणाऱ्याने लिहिले ‘तोंड’. घागरीचे वरचे टोक आणि खालचे टोक, दोन्ही दोन अक्षरी, दोन्हींच्या शेवटी ड, आणि पुन्हा पहिले घर एकटे. बदलून संकेत केला: ‘घागर यावर बसते (२)’. कुणी ‘चुंबळ’ म्हणेल, पण ती तीन अक्षरी.

‘सुरीचा भाग (२)’ला मूठ, धार, पाते, टोक अशी चार उत्तरे आली. छेद ‘ते’वर असल्याने तो तसाच ठेवला. ‘जात्याचा भाग (२)’ला कुणी खुंटा म्हणाले, कुणी तळी. इथे दोन्ही घरांत छेद होते, म्हणून अडचण आली नाही. ‘चुलीच्या बाजूचा भाग (२)’, उत्तर ‘वैल’, मात्र काढून टाकावा लागला. मुख्य चुलीला लागून असलेले, मागून येणाऱ्या धगीवर चालणारे ते छोटे तोंड कुणी वैल लिहितो, कुणी वईल. दोनाची तीन अक्षरे होतात आणि घरच मोडते. बोलीतला शब्द घ्यायचा तर त्याचे लेखन एकच रूढ आहे ना, हे आधी पाहायला हवे. अनुस्वारांचेही तसेच. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी जुने अनुच्चारित अनुस्वार काढले, पण टपालाने कात्रण पाठवणारे काही वाचक चाकाची ‘धांव’, म्हणजे त्यावरची लोखंडी पट्टी, अजून टिंबासकट लिहितात. ते चूक धरायचे नाही, असे ठरले.

फोन करणाऱ्या त्या फर्निचरवाल्या वाचकाला बाईंनी शेतीच्या आणि सुतारकामाच्या संकेतांची तपासणी करायची विनंती केली. त्याने पहिल्याच खेपेस ‘बैलगाडीचा भाग’ म्हणून आलेला ‘जू’ खोडला. “जू गाडीचं न्हवं, जुंपनीचं. गाडी सोडली की जू काढून आत ठेवत्यात,” असे त्याचे म्हणणे. सरांनी वाद घातला, पण संकेत बदलून ‘बैलांच्या मानेवरचे (१)’ केला. मग लक्षात आले की एक अक्षरी शब्द कोड्यात घेतच नाहीत. तो शब्दच गेला.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यात आधीची संधी निकालाच्या टेबलावर होती. चुकीची उत्तरे दहा तऱ्हांची असतात तेव्हा ती वाचकांची चूक असते. शेकडा साठ लोक एकच ‘चूक’ करतात तेव्हा बहुतेक वेळा चूक संकेतात असते. गठ्ठे करणाऱ्याला ते दिसले होते, त्याने नंतर तसे सांगितलेही. पण त्याला फक्त जुळवायला सांगितले होते, विचारायला नाही. चिठ्ठी काढण्याआधी ‘नाकारलेल्यांत कुठला शब्द सगळ्यात जास्त आला’ एवढा एक प्रश्न कुणी विचारला असता तर पुढचे सगळे टळले असते. आता निकालाच्या कागदावर त्यासाठी वेगळा रकाना आहे.

दुसरी चिठ्ठी काढण्याच्या पद्धतीवर एका वाचकाने बोट ठेवले, आणि त्याचे बरोबर होते. धुरावाल्यांचा गठ्ठा मोठा, त्यातून बक्षीस एक. आरावाल्यांचा छोटा, त्यातूनही एक. म्हणजे धुरा लिहिणाऱ्याला संधी निम्मीच मिळाली. सगळ्यांना एकत्र करून दुसरी चिठ्ठी काढली असती तर आरावाल्यांना दोनदा संधी मिळाली असती, तेही बरे नाही. गठ्ठ्याच्या प्रमाणात दुसऱ्या खेपेस दोन बक्षिसे दिली असती तर हिशेब जुळला असता. पाचशे रुपयांचा प्रश्न होता. माझ्या मते तेवढे करायला हवे होते. बाईंचे म्हणणे असे की, त्या महिन्याचे पुस्तकांचे पैसे संपले होते.

मेसेजवरच्या अंगठ्याचा अर्थ काय, हे आधीच ठरवायला हवे होते. आता नियम असा की, संकेतात बदल करायचा तर सरांचे शब्दांत उत्तर हवे, आणि ते वेळेत आले नाही तर संकेताऐवजी चौकटीखालची सूचना छोटी करायची. शिवाय सर ‘भाग’ आणि ‘बाजू’च्या प्रत्येक संकेताच्या दोन आवृत्त्या पाठवतात, एक ऐसपैस आणि एक एका ओळीत बसणारी. दोन्ही त्यांच्याच हातच्या. पान लावणाऱ्याने फक्त निवडायची.

‘घेरा’वाल्यांपैकी एकाने अजून आक्षेप मागे घेतलेला नाही. चाकाचा घेरा लाकडाचाच असतो, त्याला लोखंडी धाव चढवतात, मग तो भाग कसा नाही, असे त्याचे तिसरे पत्र आले आहे. सरांनी त्याला अजून उत्तर दिलेले नाही.